तोतयाची साक्ष

१

मापन खोलीतल्या टेबलावर बावीस चकत्या होत्या. अकरा-अकराच्या दोन रांगा. प्रत्येक चकतीखाली कागदाची पट्टी आणि पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेली जाडी. सगळ्यात जास्त ७.९१ मिलिमीटर, सगळ्यात कमी ७.६२. डाव्या कडेला खोका, त्यात उरलेल्या एकशे अठ्ठावन्न. एक मायक्रोमीटर. एक पांढरं पाकीट, अजून न चिकटवलेलं. खुर्च्या चार, माणसं पाच. उभा होता तो माझा मामा.

या चकत्या लिफ्टच्या ब्रेकमध्ये बसतात. जाडी आठ मिलिमीटर हवी. पाच शतांश इकडे-तिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. लाइनच्या शेवटी लेझर सेन्सर आहे. त्याचे दोन डोळे, एक बेल्टच्या वर, एक खाली. चकती मधून गेली की दोघे आपापलं अंतर मोजतात आणि त्यातून जाडी निघते. पातळ निघाली तर एक लोखंडी हात तिला ढकलून लाल पेटीत टाकतो. मंगळवारी सकाळी त्या हाताने एकोणीस चकत्या ढकलल्या होत्या. मंगळवारी दुपारी एकशे ऐंशी चकत्या गेल्या आणि हात एकदाही हलला नाही.

“तो हात बंद ठेवणारी बायपासची किल्ली कुणाकडे असते?” साहेबांनी विचारलं.

“एक माझ्याकडे,” मामा म्हणाला. “दुसरी तुमच्या कपाटात.”

“म्हणजे मीच केलं म्हणायचं?”

“मी कुठे तसं म्हणालो? तुम्ही विचारलंत, मी मोजून सांगितलं.”

सुपरवायझर खुर्चीच्या टोकावर बसले होते. ते दिवसभर सगळ्यांना ‘चला चला’ म्हणत फिरतात, म्हणून त्यांचं नावच चलाचला पडलंय. ते म्हणाले, “गेल्या आठवड्यात लाल पेटी भरत होती, तेव्हा मी यांना बोललो होतो, साहेब. हात फार हलतोय म्हणालो होतो. पण हात बांधून ठेवा असं नव्हतो म्हणालो.”

“आज सकाळी मी स्वतः तीन पातळ चकत्या बेल्टवर सोडल्या,” साहेब म्हणाले. “तिन्ही लाल पेटीत गेल्या. सेन्सर ठणठणीत आहे. मग काल दुपारी काय तो डुलकी घेत होता? किल्ली फिरवल्याशिवाय हे होत नाही.” त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं. “चार वाजता मी यातल्या, तुम्हाला कामावरून काढायच्या पत्रावर सही करणार.”

मामा या लाइनवर सव्वीस वर्षं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “ताईला फोन करू नकोस. ती इथे येऊन साहेबांना भाषण देईल.”

पाचव्या व्यक्तीने बाविसावी चकती उचलली, उलटी केली, पुन्हा मोजली आणि परत ठेवली. मग घड्याळ पाहिलं.

“साडेनऊ,” ती म्हणाली. “साडेसहा तास आहेत. मला तोतया लागेल.”

तोतया माझा होता.

२

ती पाचवी व्यक्ती म्हणजे मापबाई. मापन विभाग त्यांचा. पातळ चकत्या सापडल्या त्याही त्यांनाच. डिस्पॅचच्या खोक्यातून नेहमीप्रमाणे पाच चकत्या काढल्या, एक पातळ निघाली, आणि त्यांनी उरलेल्या एकशे पंचाहत्तर हाताने मोजल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी इथे रुजू झाले तेव्हा पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, “मला विशेषण सांगू नकोस. आकडा सांग.”

तोतया म्हणजे मी सहा महिने खपून लिहिलेला प्रोग्रॅम. खरा सेन्सर महाग आणि लाइन चोवीस तास चालू. नवीन सेटिंग तपासायला लाइन थांबवणार कोण? म्हणून मी प्रयोगशाळेतल्या संगणकावर सेन्सरचं सोंग उभं केलं. पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा कंट्रोलर, प्रत्येक चकतीला सेन्सरला विचारतो, ‘काय दिसलं?’ तोतया हुबेहूब सेन्सरसारखं उत्तर देतो. खऱ्या चकत्यांची आधी टिपून ठेवलेली मोजमापं तो एकामागून एक देत राहतो. सेटिंग बदला, जोडणी तोडा, किरण झाका. काय होईल ते लाइनला धक्का न लावता कळतं. नाव मात्र मामाने दिलं. “खऱ्याच्या गादीवर बसणारा खोटा,” तो म्हणाला, “म्हणजे तोतयाच की!”

प्रयोगशाळा लाइनला लागूनच आहे, मधे एक भिंत. आम्ही आत गेलो. पडद्यावर माझी चोवीस तासांची चाचणी संपलेली दिसत होती. मंगळवारी सकाळी नऊला मी ती लावली होती. चाचणीचा सुटा पीएलसी तोतयाला दर मिनिटाला एक प्रश्न विचारणार, आणि जोडणी तुटते का ते पाहायचं. पडद्यावर ‘दिलेली उत्तरं: १,६२०’ असं होतं. सकाळी मी तो आकडा पाहून वहीत टिपला होता, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आला होता.

“पहिला संशय सेटिंगवर,” मापबाई म्हणाल्या. “कुणी मर्यादा सैल केली असेल तर?”

मी लाइनच्या कालच्या सेटिंगची प्रत तोतयात भरली. टेबलावरच्या बावीस जाड्या एकेक करून दिल्या. बावीस वेळा ‘बाहेर’.

“सेटिंग सुटलं. दुसरा. कुणी डोळ्यापुढे पुठ्ठा धरला.”

किरण झाकला. तोतयाने ‘वाचन नाही’ असं उत्तर दिलं, आणि पीएलसीने चकती बाहेर काढायचा हुकूम दिला.

“पुठ्ठाही सुटला. आता किल्ली.”

मी चाचणीच्या पीएलसीवर बायपास लावला आणि सगळ्यात पातळ चकती दिली. हाताला हुकूम गेला नाही. साहेब दारात उभे होते, ते म्हणाले, “बघा!”

“बघतेच आहे,” मापबाई म्हणाल्या. “नोंदीत काय लिहिलं गेलं?”

मी वाचलं. “७.६२.”

“म्हणजे किल्ली हात बांधते, डोळे बांधत नाही. पातळ चकती पातळ म्हणूनच लिहिली जाते. आता काल दुपारची लाइनची नोंद काढ. सगळ्यात कमी जाडी किती?”

मी फाइल उघडली. एकशे ऐंशी ओळी. पहिली एक बत्तीसची, शेवटची पाच पंचवीसची. सगळ्यात कमी जाडी ७.९६.

साहेब आत आले. “हे कसं शक्य आहे? बावीस पातळ चकत्या तिथून गेल्या!”

“गेल्या,” मापबाई म्हणाल्या. “पण सेन्सरच्या नोंदीप्रमाणे तिथून एकही पातळ चकती गेली नाही.”

३

अकरा वाजता मापबाईंनी नोंदीचा छापील गठ्ठा मागवला. पडद्यावर त्या वाचत नाहीत. पडदा डोळ्यांना पळवतो म्हणतात. जाडी नको, दोन्ही डोळ्यांची मूळ अंतरं हवीत, असं त्यांनी सांगितलं. वरचं अंतर, खालचं अंतर, तीन दशांश स्थळांपर्यंत.

“जाडी दोन चकत्यांची सारखी असू शकते,” त्या म्हणाल्या. “पण बेल्ट थरथरतो. एक चकती केसभर वर उचललेली, दुसरी केसभर खाली. दोन्ही अंतरं एकदम जुळणं कठीण.”

त्या मोठ्याने वाचू लागल्या. मी नुसती ऐकत होते. मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसला होता, कारण त्याला लाइनवर जायची मनाई होती आणि घरी जायची तयारी नव्हती.

“भाचीबाई,” तो कुजबुजला, “ही पूजा किती वेळ चालणार?”

“मामा, गप्प.”

“मी गप्पच आहे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बसून पगार घेतोय, सांगायला नको?”

एकसष्टाव्या ओळीवर मापबाई थांबल्या. पेन्सिल कागदावर टेकवली.

“ही ओळ मी वाचलीय.”

त्यांनी मागची पानं उलटली. सतरावी ओळ. वरचं अंतर ३१.४०७, खालचं ३०.५८१. एकसष्टावी ओळ. ३१.४०७, ३०.५८१.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. साठ ओळी, एकशे वीस आकडे, एका दमात वाचलेले, आणि एक जोडी ओळखीची वाटली म्हणून त्या थांबल्या होत्या. मी विज्ञान शिकले आहे. योगायोग किती दुर्मिळ असतो हे मला कागदावर मांडता येतं. त्यांना तो कानाने कळला.

“सगळ्या जोड्या लाव,” त्या म्हणाल्या. “एकशे ऐंशीत वेगवेगळ्या किती?”

मी त्या संगणकाला क्रमाने लावायला सांगितल्या. उत्तर यायला सेकंदही लागला नाही. मी पुन्हा लावायला सांगितल्या. तेच उत्तर.

“किती?” मामाने विचारलं.

“चाळीस.”

“मग एवढं तोंड का उतरलं तुझं?”

माझ्या तोतयाच्या फाइलमध्ये टिपून ठेवलेल्या चांगल्या चकत्या होत्या. मी त्या स्वतः निवडल्या होत्या, स्वतः मोजल्या होत्या. बरोबर चाळीस.

४

“वा!” साहेब म्हणाले. आता त्यांच्या खोलीत आम्ही सगळे होतो आणि पाकीट त्यांच्यापुढे होतं. “मामाची लाल पेटी भरत होती. भाचीने खोटा सेन्सर लावला, पेटी रिकामी! मी एकच पत्र टाइप केलं, चुकलो. दोन हवी होती.”

“साहेब, पोरीला मधे आणू नका,” मामा म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. “लिहायचं असेल तर किल्ली मी फिरवली असं लिहा. मी सही करतो. चला, द्या ते पेन.”

“खाली बसा,” मापबाई म्हणाल्या. “तुमच्या सहीने चकती जाड होत नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “काल दुपारी तू कुठे होतीस?”

“दाताच्या डॉक्टरकडे. साडेअकराला गेले, परत आले नाही. गेटच्या वहीत आहे.”

“तोतया?”

“चालूच ठेवला होता. चोवीस तासांची चाचणी होती.”

“तुझ्या त्या चाचणीत उत्तरं किती व्हायला हवी होती?”

“मिनिटाला एक. चोवीस तासांची एक हजार चारशे चाळीस.”

“झाली किती?”

मी वही उघडली. प्रश्नचिन्ह तिथेच होतं. “एक हजार सहाशे वीस.”

वजाबाकी खोलीतल्या प्रत्येकाने मनात केली असावी. मग चलाचला पुटपुटले, “एकशे ऐंशी.”

“म्हणजे लाइनवर गेलेल्या प्रत्येक चकतीचं उत्तर तोतयाने दिलं,” मापबाई म्हणाल्या. “साक्षीदार चांगला आहे, एकही उत्तर विसरलेला नाही. पण साहेब, प्रश्न वेगळाच आहे. तोतया भिंतीच्या अलीकडे, लाइन पलीकडे. त्यांच्यात एकही तार नाही. मग लाइनचा प्रश्न त्याच्या कानावर गेला कसा?”

“हिनेच तार टाकली असणार!”

“ही दवाखान्यात तोंड उघडून बसली होती. तारा टाकणाऱ्या माणसाला बोलवा.”

५

तारमास्तर आले ते खांद्यावर केबलचं वेटोळं घेऊनच. कारखान्यातली प्रत्येक तार त्यांनी ओढलेली आहे आणि प्रत्येकीचा त्यांना अभिमान आहे. बगलेत रजिस्टर होतं.

“काल लाइनवर काही काम केलंत?” मापबाईंनी विचारलं.

“केलं ना. लिहिलंय.” त्यांनी पान काढलं. “एक दहा, लाइनचा नेटवर्क स्विच जळाला. पाच चाळीस, नवीन स्विच बसवला. बघा, वेळेसकट.”

नेटवर्क स्विच म्हणजे लाइनच्या सगळ्या केबल्स ज्यात येऊन मिळतात तो डबा. त्याच्याशिवाय पीएलसीला सेन्सर दिसत नाही, सेन्सरला पीएलसी दिसत नाही.

मापबाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. शेजारी नोंदीचा छापील गठ्ठा ठेवला.

“जुना एक दहाला मेला. नवा पाच चाळीसला आला. आणि एक बत्तीस ते पाच पंचवीस एकशे ऐंशी चकत्यांची नोंद आहे. मास्तर, मधल्या साडेचार तासांत ही प्रश्नोत्तरं काय हवेतून झाली?”

तारमास्तरांनी चलाचलांकडे पाहिलं. चलाचलांनी छताकडे.

“ते... तात्पुरतं होतं,” मास्तर म्हणाले. “तात्पुरतं काम आम्ही लिहीत नाही, बाई. लिहायचं काय त्यात? संध्याकाळी काढायचंच असतं.”

“कुठे केलं तात्पुरतं?”

ते सांगायच्या आत मापबाई उठून चालू लागल्या होत्या. आम्ही मागोमाग. प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझा डबा होता, सोळा पोर्टचा. त्यात केबल दोनच, एक तोतयाची, एक चाचणीच्या पीएलसीची. बाकी चौदा पोर्ट रिकामे. मापबाईंनी टॉर्च लावला आणि मला म्हणाल्या, “धूळ मोज.”

मी मोजली. आठ पोर्टमध्ये करडी धूळ, जशी वर्षभरात साचते तशी. सहा पोर्ट स्वच्छ.

“लाइनच्या केबल किती, मास्तर?”

“सहा,” तारमास्तर म्हणाले, आणि मग घडाघडा बोलले. “यांनी चला चला लावलं होतं! नवा डबा संध्याकाळी येणार, तोवर लाइन बंद कशी ठेवायची? भिंतीला भोक होतंच. सहाच्या सहा केबल इकडे ओढल्या, यात लावल्या, लाइन सुरू. काय चुकलं माझं? एकही जोडणी सैल नव्हती!”

“तुमची एकही जोडणी सैल नव्हती,” मापबाई म्हणाल्या. “तेच तर झालं. खरा आणि तोतया एकाच डब्यात आले. पण पीएलसीने खऱ्याला सोडून तोतयालाच का विचारलं?”

याचं उत्तर त्या देऊ शकल्या असत्या. त्यांनी दिलं नाही. त्या माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. तेव्हा मीच सांगितलं.

“नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. मी तोतयाला खऱ्या सेन्सरचाच पत्ता दिला. मुद्दाम. पीएलसीत एक अक्षरही न बदलता चाचणी व्हावी म्हणून. सोंग पूर्ण असावं म्हणून.” मी तोतयाच्या केबलवर बोट ठेवलं. “एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली की पोस्टमन जे दार आधी उघडेल तिथे पत्र टाकतो. तोतयाला लेझर पाडायचा नसतो, मोजायचं नसतं. त्याचं दार आधी उघडतं. संध्याकाळी मास्तरांनी केबल परत नेल्या आणि सेन्सर पुन्हा ठीक झाला. म्हणून सकाळी साहेबांच्या तिन्ही चकत्या पकडल्या गेल्या.”

मामा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला. सापडला नाही.

“काय पण तोतया बनवलास गं,” तो म्हणाला. “सव्वीस वर्षांचा माणूस समोर उभा, आणि चार तास मला पत्ता लागला नाही!”

“मामा, मी...”

“रडायचं घरी. इथे बाई धूळ मोजायला लावतात.”

मापबाईंनी मला कोरा कागद दिला. “चूक लिही. कुठे, केव्हा, किती. खाली सही.” दुसरा कागद तारमास्तरांपुढे गेला. तिसरा त्यांनी चलाचलांकडे सरकवला, ते म्हणाले, “मीपण?” आणि उत्तराची वाट न पाहता लिहू लागले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा. “गोष्ट छान जुळली,” ते म्हणाले. “पण गोष्टीवर मी सव्वीस वर्षांच्या माणसाला परत लाइनवर उभं करू शकत नाही. सिद्ध करा.”

“चाळीस मिनिटं द्या,” मापबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दिवसभरात पहिल्यांदा आनंदी वाटला.

६

तारमास्तरांनी सहा केबल भिंतीच्या भोकातून पुन्हा ओढल्या. या वेळी आधी रजिस्टरात लिहिलं: ‘तीन वीस, तात्पुरतं.’ मी तोतया सुरू केला, कालच्याच फाइलवर, कालच्याच पत्त्यावर. बायपासची किल्ली मामाने खिशातून काढून साहेबांच्या हातात दिली. दुसरी साहेबांनी स्वतः कपाटातून आणली.

“दोन्ही तुमच्या मुठीत,” मापबाई म्हणाल्या. “मूठ उघडू नका.”

मग त्यांनी बावीस चकत्यांचा ट्रे मामाच्या हाती दिला. मामाने बाह्या सारल्या. बेल्टजवळ तो उभा राहिला तसा त्याचा चेहरा बदलला. मी लहानपणापासून पाहतेय, बेल्टशेजारी तो दुसराच माणूस असतो. प्रत्येक चकती तो सारख्या अंतरावर ठेवतो, हाताने, पट्टी न लावता. एकदा मी ते अंतर गुपचूप मोजलं होतं. दोन मिलिमीटरच्या आत.

पहिली चकती, ७.६२, सेन्सरखालून गेली. वरचा लाल ठिपका तिच्यावर पडला, खालचाही पडला असणार. हात हलला नाही. दुसरी गेली. तिसरी. साहेब मूठ आवळून उभे होते आणि ओठांनी मोजत होते. बाविसाव्या चकतीपर्यंत हात हलला नाही. पीएलसीच्या पडद्यावर सगळ्यात कमी जाडी ७.९६ लिहिलेली होती.

“मूठ उघडा,” मापबाई म्हणाल्या.

दोन किल्ल्या. साहेबांच्या तळव्यावर दोन्हींच्या दातांचे वळ उमटले होते.

“आता दुसरा अर्धा,” त्या मला म्हणाल्या. “केबल हलवायच्या नाहीत. फक्त तुझं घर बदल.”

मी संगणकापाशी गेले. पत्त्याचा शेवटचा आकडा बदलला, इतर कुठल्याच यंत्राचा नसलेला घातला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘मी तोतया आहे’ अशी पाटी टाकली. ती कुणी सांगितली नव्हती. उत्तरांची मोजणी शून्यावर आणली. पीएलसीने जुनं दार विसरावं म्हणून तारमास्तरांनी तो एकदा बंद करून चालू केला.

मामाने चकत्या पुन्हा ट्रेमध्ये लावल्या, पहिल्यासारख्याच क्रमाने. साहेबांनी पाकिटातून पत्र काढलं आणि ते हातात धरून लाल पेटीशेजारी जाऊन उभे राहिले.

“चला चला,” चलाचला सवयीने म्हणाले, मग जीभ चावली. “म्हणजे, सावकाश.”

बेल्ट सुरू झाला. मी भिंतीपलीकडे तोतयासमोर बसले होते, त्यामुळे लाइन मला दिसत नव्हती. फक्त लोखंडी हाताचा आवाज येत होता, ठराविक अंतराने. मग बेल्ट थांबला आणि कागद फाटल्याचा आवाज आला, दोनदा.

मापबाईंनी मोजायला मलाच बोलावलं. वेळ तीन त्रेपन्न. तोतयाने लाइनला दिलेली उत्तरं शून्य. बेल्टच्या टोकाच्या ट्रेमध्ये चकत्या शून्य. लाल पेटीत चकत्या बावीस, कागदाचे तुकडे चार.